अर्धा तास, घाम येईल असा

कॉफीच्या यंत्रानं शेवटचा घोट खरखरत ओढला आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली.

"शून्य लिही," आई म्हणाली.

पेन माझ्या हातात होतं. फॉर्म आरोग्य केंद्रातून आला होता. पंच्याहत्तरी ओलांडली की आमच्या गावात तो सगळ्यांनाच येतो. आईचा वाचायचा चष्मा दुरुस्तीला गेलेला, म्हणून प्रश्न मी वाचत होते आणि उत्तरं ती सांगत होती. झोप कशी लागते, दात किती उरलेत, शेवटचं कधी पडलात. अकरा प्रश्न भराभर उरकले. बाराव्याशी गाडी अडली.

"नीट ऐक तरी," मी पुन्हा वाचलं. "निदान अर्धा तास, घाम येईल आणि दम लागेल असा व्यायाम आठवड्यातून किती वेळा करता?"

"ऐकलं मी. शून्य."

"आई, काहीतरीच काय? काल तर खिडक्या पुसल्यास. दोन्ही बाजूंनी."

"खिडक्या घाण झाल्या होत्या."

"आणि परवा तळघरातून बटाट्याचं पोतं वर आणलंस, ते?"

"मग बटाटे काय आपल्या पायांनी चढून येणार होते?"

टेबलाखाली चमच्यांना ओळीनं झोपवत बसलेली माझी पाच वर्षांची ताइमी खुदकन हसली.

"अगं हेन्ना, व्यायाम म्हणजे ती पिर्क्को करते तो," आई ओटा पुसता पुसता म्हणाली. पिर्क्को म्हणजे खालच्या मजल्यावरची शेजारीण. दोन हातांत दोन काठ्या, अंगाला चिकटलेले चट्ट्यापट्ट्यांचे कपडे, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. रोज सकाळी आठ किलोमीटर चालून येते. "घरातून निघायचं, कुठेही जायचं नाही, आणि परत यायचं. त्यातनं काहीसुद्धा निघत नाही, म्हणून तो व्यायाम. शेवटी काहीतरी स्वच्छ झालं, तर ते काम. कामाला व्यायाम म्हणून लिहायचं म्हणजे शुद्ध लबाडी. तुझ्या बाबांनी ऐकलं असतं ना..."

बाबा बंदरात क्रेन चालवायचे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. सरकारी कागदावर खोटं लिहायचं नाही हा त्यांचा नियम आमच्या घरात अजून भिंतीइतका पक्का होता.

मी शून्य लिहिलं. छान गोल काढलं.

खरं तर माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. ताइमी झाल्यावर दर मंगळवारी मी उड्या मारायच्या वर्गाला जायला लागले, तेव्हा तिला आईकडे सोडायचे. दीड तासानं परत यायचे तेव्हा मी घामाघूम, चेहरा लाल, स्वतःवर खूश. आणि इकडे आईनं ताइमीला एका हातावर घेऊन दुसऱ्या हातानं पलंग सरकवून त्याच्याखालची फरशी पुसून काढलेली असायची. "दमलीस गं पोरी," असं म्हणून ती माझ्यासमोर वेलदोड्याचा गोड पाव ठेवायची. मी तो खायचे. तीन वर्षं खाल्ला.

त्याआधी तिनं चौतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. चारशे मुलं. दर गुरुवारी वाटाण्याचं सूप, पातेली अशी की त्यांत मी उभी मावले असते. निवृत्तीच्या दिवशी मुख्याध्यापकांनी भाषण केलं आणि तिला फुलं दिली. फुलं घेऊन ती घरी आली आणि सहा वाजता जिना पुसायला गेली, कारण त्या आठवड्याची पाळी आमची होती.

*

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. चष्मा परत आलेला होता, त्यामुळे तिनं ते एकटीनं वाचलं. मी गेले तेव्हा कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला होता, ताइमीच्या चित्राशेजारी. 'हालचाल अत्यल्प. घरात पडण्याचा धोका अधिक. लिफ्ट असलेल्या, देखरेखीच्या घरात राहण्याचा विचार करावा.'

"हे काय लावून ठेवलंयस?"

"सरकारी कागद आहे. हरवायला नको."

तिनं तो माझा भाऊ वेसा याला फोनवर वाचूनही दाखवला होता. वेसा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, हेलसिंकीत असतो. मनानं वाईट नाही. आई तीन मजले चढते याची त्याला तिथे बसून काळजी वाटते, आणि काळजी वाटली की तो कामाला लागतो. दोन दिवसांत त्यानं बाजाराजवळच्या वृद्धांच्या इमारतीत एक खोली शोधून काढली.

"लिफ्ट आहे, जेवण खाली मिळतं, बटण दाबलं की नर्स येते," तो मला फोनवर सांगत होता. "योहान्नुसच्या सणाच्या आदल्या दिवसापर्यंत हो म्हणायचंय. मग खोली दुसऱ्याला जाईल."

"तिला विचारलंस?"

"विचारलं. तुला ठीक वाटतं ते कर म्हणाली."

'तुला ठीक वाटतं ते कर' असं आई आयुष्यात कुणाला म्हणाली नव्हती. बाबांनासुद्धा नाही.

त्यानंतर मी पाहू लागले. आई जिन्यात कठडा धरून उतरत होती. दूध आणायला जाताना पिशवी घेण्याऐवजी चाकांची टोपली ओढत होती. वरच्या फळीवरचं काही हवं असलं की स्टुलावर चढायची थांबली होती. "तू आलीस की काढ," म्हणायची. मे महिना संपला, तरी अंगणातल्या लोखंडी दांड्यावर तिच्या गाद्या झटकल्याचा आवाज आला नाही.

"आई, तुला काही होतंय का?"

"होत काही नाही. पण लिहिलंय ना गं त्यांनी. शिकलेली माणसं आहेत. पडायची वाट बघायची का?"

शून्य तिनं सांगितलं होतं, पण काढलं मी होतं. चौतीस वर्षं पातेली उचलून जी बाई म्हातारी झाली नाही, ती एका गोलानं झाली.

*

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी विचारलं, "सतरंज्या कधी धुवायच्या?"

आमच्याकडे जूनच्या अखेरीस येणाऱ्या योहान्नुसच्या सणाआधी घरातल्या सगळ्या सतरंज्या समुद्राकाठी नेऊन धुतात. जुन्या कपड्यांच्या चिंध्या विणून केलेल्या, लांबलचक पट्ट्यांच्या सतरंज्या. आईच्या सहा. दिवाणखान्यातलीत बाबांच्या बंदरातल्या शर्टांची निळी पट्टी आहे. मला आठवतंय तेव्हापासून दर जूनला ती त्या सहा सतरंज्या खाली नेते, हातगाडीवर लादते आणि धक्क्यापर्यंत ढकलत जाते.

"या वर्षी लाँड्रीत देऊ," आई म्हणाली. "नवीन खोलीत दोनच मावतील, असं वेसा म्हणत होता."

"लाँड्रीत नाही द्यायच्या. मी धुते."

तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यात दया होती.

"तू?"

"मग? हात नाहीत मला?"

शनिवारी सकाळी मी सहा सतरंज्या तीन मजले उतरवल्या. दुसऱ्या फेरीनंतर पिर्क्कोच्या दारापाशी मी कठड्याला टेकून उभी राहिले. ताइमी साबणाची बाटली कवटाळून माझ्यामागे आणि सगळ्यात शेवटी आई, रिकाम्या हातांनी, कठडा धरून. "मी बाकावर बसेन नुसती," तिनं बजावलं होतं.

धक्क्यावर आमच्याआधी तीन कुटुंबं आली होती. पूर्वी सतरंज्या थेट समुद्रात बुडवायच्या. आता साबण पाण्यात सोडू देत नाहीत, म्हणून काठावर नळ, मोठी टाकी आणि लाकडी टेबलं केली आहेत. मी पहिली सतरंजी टेबलावर पसरली, पाइनचा साबण ओतला आणि ब्रश घेऊन गोल गोल घासायला लागले.

बाकावरून खाकरल्याचा आवाज आला.

मी घासत राहिले.

"गोल नाही," आई म्हणाली.

"काय?"

"काही नाही. तुझं चालू दे."

दोन मिनिटं गेली.

"धाग्याच्या दिशेनं गं. गोल घासलंस की मळ आत जातो. आणि साबण किती! सूप करायचंय का?"

"आई, तू बसणार होतीस."

"बसलेच आहे की."

ती बसली होती, पण तिचे हात मांडीवर नव्हते. बोटं बाकाच्या फळीवर एका रेषेत मागेपुढे घासत होती. मी पाणी ओतायला गेले, तर सतरंजीचं टोक टेबलावरून घसरलं आणि वाळूत पडलं. ओली, साबण लावलेली, बाबांच्या पट्टीची सतरंजी.

"सर बाजूला," आई म्हणाली.

पुढचे दोन तास मी फक्त पाणी आणून देत होते. तिनं कोट काढला, बाह्या वर सारल्या. दोन्ही हातांत ब्रश धरून खांद्यापासून ओढ. पुढे, मागे, पुढे. सतरंजी उलटवायची तर एका टोकाला धरून अशी झटकन पलटवायची की पाण्याचा पडदा उडायचा आणि ताइमी किंचाळत पळायची. शेजारच्या टेबलावरचं तरुण जोडपं हातातलं काम थांबवून बघत होतं. मी ओळख नसतानाही त्यांना सांगितलं, "माझी आई आहे."

तेवढ्यात काठ्या टकटकत पिर्क्को आली.

"काय गं सेया! मला वाटलं, तू आता नुसती बसून राहणार. अख्ख्या जिन्यात तीच चर्चा."

"बसलेच होते. पण हिनं सतरंजीचं वाटोळं केलं असतं."

"थांब, तुझी पावलं मोजू," पिर्क्कोनं मनगटावरचं घड्याळ काढून आईच्या हाताला बांधलं. "बघूया तरी." ती टेकडीला एक चक्कर मारून अर्ध्या तासानं परत आली आणि घड्याळात पाहून पोट धरून हसायला लागली. "दोनशे अकरा! अगं, एवढी तर मी पत्रपेटीपर्यंत जाऊन येते!"

आई हसली नाही. तिनं घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बघ. त्यालाही कळतंय," ती हळूच म्हणाली आणि कोट शोधायला लागली.

मला रडू यायचं बाकी होतं. पण पिर्क्कोला हुरूप आला होता. "दे इकडे ब्रश. मीही कधी काळी धुवायचे. मशीन घेतल्यापासून सुटलं." तिनं काठ्या बाकाला टेकवल्या आणि चौथ्या सतरंजीला हात घातला.

पाच मिनिटं ती बोलत होती. सातव्या मिनिटाला गप्प झाली. दहाव्याला तिनं ब्रश खाली ठेवला, दोन्ही हात कमरेवर घेतले आणि तोंड उघडून श्वास घेऊ लागली. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला.

"पिर्क्को," आईनं कोटाची एक बाही घालता घालता विचारलं, "तुला दम लागला?"

"दिसत नाही का तुला?"

"घाम आलाय?"

"सेया, चेष्टा पुरे. मला पाणी दे."

"चेष्टा नाही करत. मला सांग, हा व्यायाम आहे?"

"मग काय सण आहे?" पिर्क्को धापा टाकत म्हणाली. "रोज आठ किलोमीटर चालते मी, पण असा जीव नाही जात माझा!"

आई तशीच उभी राहिली, एक बाही आत, एक बाहेर. वारा कोटाची रिकामी बाही हलवत होता. तिचा चेहरा हळूहळू बदलला. मला वाटलं, आनंद झाला असेल. पण ती घाबरली होती.

"हेन्ना," ती म्हणाली, "त्यांनी घाम आणि दम एवढंच विचारलं होतं ना? काही स्वच्छ होता कामा नये, असं कुठे लिहिलं होतं?"

"नव्हतं लिहिलं."

"म्हणजे मी सरकारी कागदावर खोटं लिहिलंय."

"आई..."

"फोन दे. दुरुस्त करायला पाहिजे."

आरोग्य केंद्राच्या शनिवारीही चालू असणाऱ्या नंबरावर मशीननं नाव, फोन नोंदवून घेतला आणि परत फोन करू म्हणून सांगितलं. तोवर आईनं कोट पुन्हा काढला, चौथी सतरंजी संपवली, उरलेल्या दोन घासल्या आणि पहिली पिळायला घेतली. पिळायला तिथे दोन मोठे रूळ आणि हातानं फिरवायचं चाक आहे; एकानं सतरंजी आत सारायची, दुसऱ्यानं चाक ओढायचं. आई चाकावर होती, पिर्क्को सतरंजी आत सारत होती. अर्धी सतरंजी पलीकडे गेली आणि फोन वाजला. मी तो तिच्या कानाशी धरला.

"हो, सेया बोलतेय. मी फॉर्म चुकीचा भरला," ती चाक न सोडता म्हणाली. "बारावा प्रश्न. शून्य लिहिलं. शून्य नाहीये."

पलीकडून नर्सनं काहीतरी विचारलं.

"लिहून घ्या. सोमवारी जिना, माझी पाळी असेल त्या आठवड्यात, तीन मजले, वरून खाली. बुधवारी खिडक्या, सगळ्या एकदम नाही. शुक्रवारी सॉनाचे बाक घासते. थंडीत अंगणातला बर्फ, कारण खालचा म्हातारा काढत नाही. त्याला कंबरेचं दुखणं आहे, असं तो म्हणतो. आणि आत्ता सतरंज्या, दोन तास झाले. घाम येतोय... नाही, इस्त्री मी सांगितलीच नाही. इस्त्रीनं घाम येत नाही... बाई, तुमच्याच कागदावर घाम आणि दम लिहिलंय. कशानं, ते तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. दोघींचीही चूक."

नर्स हसत असावी. मग ती बराच वेळ बोलली. आई "हं, हं" करत होती. शेवटी म्हणाली, "या की. मंगळवारी मी घरीच असते. तोल बघा, पाय बघा. जे असेल ते लिहा. पण असेल तेच लिहा."

तिनं मला मानेनंच फोन बाजूला घ्यायला सांगितलं आणि चाकाला जोर दिला. रुळांच्या पलीकडून बाबांची निळी पट्टी सपाट होऊन बाहेर आली.

घरी जाताना हातगाडी मी ढकलायला गेले. "सोड," ती म्हणाली. जिन्यात तिनं कठडा धरला नाही. मी धरला.

*

मंगळवारी तपासणीला आपो नावाचा फिजिओथेरपिस्ट आला. तिशीतला, पाठीवर पिशवी. दार उघडलं तेव्हा चौकटीला हात टेकून तो आधी थोडा थांबला. "तीन मजले आहेत की," तो म्हणाला.

"तीनच," आई म्हणाली. "बूट काढ पोरा, आत ये."

त्या दिवशी वेसाही हेलसिंकीहून आला होता. खोलीचे कागद त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टेबलावर ठेवले होते. आईची सही तेवढी राहिली होती. "नर्सशी ती काय बोलली ते ऐकलं मी," तो मला हळूच म्हणाला, "पण घासणं वेगळं आणि तोल जाणं वेगळं, हेन्ना." त्याचं अगदीच चूक नव्हतं. सहा सतरंज्या धुणारी बाई एका पायावर उभी राहू शकते की नाही, मला माहीत नव्हतं.

आपोनं तिला पावलापुढे पाऊल ठेवून उभं केलं. दहा सेकंद. ती उभी राहिली, फक्त मधेच खाली वाकून सतरंजीची घडी सरळ केली.

"वाकायचं नाही," आपो म्हणाला.

"घडी पडली होती. तुझाच पाय अडकला असता."

मग त्यानं तिला चार मीटर चालवलं. मग म्हणाला, "आता हात छातीवर घ्यायचे आणि खुर्चीतून पाच वेळा उठायचं, बसायचं. जमेल तितक्या भराभर. तुमची नेहमीची खुर्ची घ्या."

आई स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली. तिनं टेबलाकडे पाहिलं. क्षणभर ती थोडी गोंधळल्यासारखी वाटली. वेसा उठला. "माझी घे," तो म्हणाला.

आई त्याच्या खुर्चीत बसली. उठली, बसली, उठली, बसली. हात छातीवर, पाठ ताठ, मान सरळ. आपोच्या हातातलं घड्याळ थांबलं.

"दहा सेकंद," त्यानं पुन्हा पाहिलं. "दहा. मी आज सकाळी साठ वर्षांच्या माणसाचे चौदा मोजले."

"इतक्या वेळा बसायची सवय नाही," आई म्हणाली. "उठायचं काय, येतं."

वेसा हसला. मग हसता हसता त्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं. आपोनं लिहायला घेतलं. जिन्याच्या दुसऱ्या बाजूलाही कठडा बसवून घ्या, न्हाणीघरात एक दांडी लावा, एका पायावर उभं राहायचा सराव रोज करा, दात घासताना केलात तरी चालेल, हे सगळं त्यानं सांगितलं. आणि बाराव्या प्रश्नापुढे त्यानं शून्य खोडून काय लिहायचं, ते आईलाच विचारलं. तिनं थोडा विचार केला. "सात," ती म्हणाली. "रविवारी नातीला झोका देते. ती जड झालीय आता."

"घर बदलायची गरज मला दिसत नाही," आपो म्हणाला.

वेसानं प्लॅस्टिकची पिशवी टेबलावरून उचलली आणि बॅगेत घातली. मग उठून बाहेर गेला आणि बराच वेळ जिन्याच्या भिंतीवर हात फिरवत राहिला; कठडा कुठे बसेल ते बघत असावा.

आईनं कॉफी केली. गोड पाव बाहेर आले. आपो बाबांच्या खुर्चीत बसला होता, वेसा परत येऊन आपल्या खुर्चीत, मी माझ्या, ताइमी तिच्या. आई ओट्याला पाठ टेकवून उभी, हातात कप, अंगावर तिचा निळा एप्रन. आपोनं पहिला घास घेतला आणि दुसरा पाव मागितला, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी चौतीस वर्षांच्या गुरुवारांनंतर मिळालेल्या फुलांच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

ताइमी पाव चघळत एकेक बोट पुढे करत होती. "ही आजोबांची," ती पुटपुटली. "ही वेसामामाची. ही तुझी. ही माझी." मग तिनं टेबलाभोवती पाहिलं, टेबलाखाली वाकून पाहिलं आणि माझी बाही ओढली.

"आई, आजीची खुर्ची कुठली?"